हवेतला भुसा

जुन्या नाशकातला वाडा उतरवला की त्याची सागवानी दारं विकायला निघतात आणि हौशी माणूस ती घासायला सँडर आणतो. यंत्र हातात आलं की भीती वाटते बोटांची आणि शॉकची. ती खोटी नाही. पण प्लग काढून मगच कागद बदलला, ओढणी-बाही आवरली, धड वायर वापरली की ती बरीचशी मिटते. माझ्या मते घरात सँडर चालवण्यातला खरा धोका भुशाचा आहे, आणि तयारी आधी त्याची करायला हवी. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात. सँडरची पूड हवेत तरंगते. यंत्राची कापडी पिशवी जाडसर भुसा धरते, बारीक सोडून देते. काम आटोपल्यावर पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवा, ती कुठवर पोचते ते कळेल.

सुतार जन्मभर तोंडाला रुमाल बांधून हेच करतात, असं कोणी म्हणेल. पण ज्यांची छाती भरली ते कामावर दिसतच नाहीत, म्हणून ही साक्ष अपुरी. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात १९६०च्या दशकात नाकातला एक दुर्मीळ कर्करोग लाकूडकामगारांत नेहमीपेक्षा फार जास्त आढळला. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. हे वर्षानुवर्षं कारखान्यात राबणाऱ्यांचं झालं, वर्षातून चार दिवस घासणाऱ्याला काय त्याचं? हा आक्षेप कोऱ्या लाकडापुरता मला बराचसा मान्य आहे. वाड्याच्या दारावर मात्र ऑइलपेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल याचा भरवसा नाही. शिशाला चार दिवसही पुरतात, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. असं दार सँडरने घासूच नये. पेंट रिमूव्हर लावावा, किंवा वॉटरपेपर ओला करून हाताने घासावं.

कोऱ्या लाकडालाही रुमाल पुरत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो, आणि दाढी असेल तर तोही कडेने हवा घेतो. मे महिन्यात मास्कमध्ये जीव घुसमटतो हे खरं, पण उपाय मास्क काढणं नव्हे, सकाळी लवकर गॅलरीत काम करणं हा आहे. खोलीतच करायचं तर छताचा पंखा बंद. जुनं पॉलिश घासलेला भुसा पिशवीत रात्रभर ठेवू नये, तो आपोआप तापून पेटू शकतो. आणि शेवटी केरसुणी नको, तिने बसलेली पूड पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसावं.