४५ हजार आणि लॅमिंग्टन रोड

पहिली गोष्ट, रविवारी जाऊ नका. मी गेले होते. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडून बघते तर काय, जवळपास सगळी शटर्स खाली! मग मुकाट्याने परत, आणि सोमवारी पुन्हा तीच वारी.

कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा! १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडातून काही जायला तयार नाहीत. इथल्याच मिनर्व्हात १९७५ मध्ये ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. बाबा अजून त्या पडद्याबद्दल बोलतात. मिनर्व्हा गेलं. आता इथे तरुण मुलं हातात कोटेशनचे कागद घेऊन दुकानं पालथी घालताना दिसतात. त्या दिवशी त्यात मीही होते.

माझा आठ वर्षांचा लॅपटॉप व्हिडिओ एडिट करताना विमानासारखा आवाज काढून बंद पडायला लागला होता, आणि पंधरा दिवसांत एक काम द्यायचं होतं. खिशात ४५ हजार. पाच महिने लटकलेलं मानधन एकदाचं आलं होतं, तेच. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना सांगायला नको, पुढचा चेक कधी येईल ते देवालाच ठाऊक. मॉनिटर दादाचा जुना, कीबोर्ड माझाच. म्हणजे सगळे पैसे फक्त डब्यात घालायचे.

पहिल्या दुकानात स्वागत झालं ते असं, ‘‘मॅडम, किसके लिए चाहिए? भाई के लिए?’’ माझ्यासाठीच म्हटल्यावर दोन मिनिटांत कागद हातात. ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे. बेरीज बरोब्बर ४५ हजार! खोटं कशाला बोलू, मी भुलले. शोकेसमध्ये ते कॅबिनेट गणपतीच्या मखरासारखं चमकत होतं.

मग सहज विचारलं, एसएमपीएस कोणता?

‘‘वो तो कॅबिनेट के साथ आता है.’’

इथे माझी ट्यूब पेटली. एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा डबा. तो दिसत नाही, चमकत नाही, म्हणून पैसे वाचवायला पहिला बळी त्याचाच. फुकटात येणाऱ्या डब्यावर छापलेला वॉटचा आकडा खरा असेलच असं नाही, आणि तो जळताना एकटा जाईल याची खात्री नसते. निदान ‘८० प्लस’चा शिक्का असलेला, ओळखीच्या ब्रँडचा घ्यावा. शिवाय त्या कागदावर रॅम होती फक्त ८ जीबी, तीही एकच पट्टी. वरून पैठणी आणि आत फाटका परकर!

रॅमचं दुखणं मात्र दुकानदाराच्या हातात नव्हतं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स इतक्या उचलल्या की आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव भडकले. मित्राने त्याआधी घेतलेल्या रॅमचा भाव सांगितला, तर काउंटरवरचा माणूस हसला.

चौथ्या दुकानात एक काका मान खाली घालून कुठलं तरी बोर्ड सोल्डर करत होते. काम काय करणार, एवढंच त्यांनी विचारलं. लिखाण, फोटो, छोटे फुल एचडी व्हिडिओ, म्हटलं. ‘‘फिर कार्ड अभी छोड दो.’’ मान वर नाहीच!

मग हिशोब नव्याने मांडला. रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, आणि ग्राफिक्स आतच, म्हणजे वेगळ्या कार्डाचा खर्च गेला. हा प्रोसेसर २०२१ चा आणि त्याचं सॉकेट, एएम४, आणखी जुनं. एएम५ घेतलं असतं तर पुढे प्रोसेसर बदलायची सोय राहिली असती. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि तिथेच माझे ४५ हजार आटपले असते. म्हणून डोळे उघडे ठेवून जुनं घेतलं. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांवर ते जास्त जोरात चालतं. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. कॅबिनेट काळं, मठ्ठ दिसणारं. आणि एसएमपीएस आजच्या गरजेपेक्षा मोठा, ५५० वॉटचा.

शेवटचा मोह बिलाचा. ‘‘बिल नहीं चाहिए तो कम कर दूँगा.’’ जीएसटी १८ टक्के, म्हणजे रक्कम छोटी नाही हो! पण वॉरंटीसाठी दुकानदाराकडे जायची वेळ आली, तर कच्च्या चिठ्ठीवर कोण उभं करणार? पक्कं बिल घेतलं, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घेतला, आणि दोन वडापावांचे पैसे उरले.

संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये कॅबिनेटचं खोकं घेऊन चढण्याचा पराक्रम करू नका. मी साडेआठपर्यंत थांबले. दादरच्या पुलावर एका मुलाने न विचारता खोक्याची दुसरी बाजू धरली.

काम तेराव्या दिवशी गेलं. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट अजून रिकामा आहे. दोन इन्व्हॉइस पाठवलीत, बघू.