मोऱ्याचा किनारा आणि कलम 15(2)

"जरा निसर्गात जा, बरं वाटेल." हा सल्ला हल्ली सगळीकडे फुकट मिळतो. डॉक्टर देतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या देतात, कंपनीच्या शिबिरात आलेले तज्ज्ञही देतात. सल्ला खोटा नाही. पण जायचं कुठे, आणि तिथे आपल्याला कोण जाऊ देणार? आंबेडकरी माणसाला हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आपल्या चळवळीतला पहिला मोठा संग्रामच एका तळ्याच्या काठावर झालेला आहे.

आधी सल्ल्यातलं खरं काय ते मान्य करू. 1984 साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. इस्पितळ एकच, शस्त्रक्रिया एकच. फरक खिडकीचा होता. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक जहाल औषधं कमी लागली. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास 2008 चा आहे. मिचेल आणि पॉपहॅम या दोघांनी इंग्लंडमधल्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. श्रीमंतापेक्षा गरीब लवकर मरतो, हे तिथेही खरं आहे. पण ज्या भागात हिरवळ जास्त, त्या भागात गरीब आणि श्रीमंत यांच्या मरणातलं हे अंतर कमी आढळलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. झाड, पाणी आणि मोकळी हवा यांची गरज गरिबालाच जास्त असते. श्रीमंताकडे वातानुकूलित घर आहे, सुट्टीला महाबळेश्वर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला खोलीबाहेर मोकळी जागा नसेल, तर त्याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी उरणच्या मोरा बंदरावर पाहिलं आहे. माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. सकाळच्या लाँचने भाऊचा धक्का, संध्याकाळच्या लाँचने परत. घरात दोन खोल्या आणि सात माणसं. उन्हाळ्यात पत्रा तापला की आई आम्हा भावंडांना घेऊन बंदरावर यायची. आमची ओसरी म्हणजे ते बंदर. समोर घारापुरीचा डोंगर, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, त्यात टुणटुणणारे निवटे, कालवं फोडून आणणाऱ्या कोळणी. दिवसभर ओझी उचलून आलेले वडील लाँचमधून उतरत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तासाभराचा खारा वारा असायचा. घरी ते क्वचितच बोलत. बंदरावर मात्र गप्पा मारत.

ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांनी लांब उभं राहायचं, वरून कोणी पाणी ओतलं तर ओंजळ धरायची. लाँचमध्ये मात्र ज्याने तिकीट काढलं त्याने हवं तिथे बसायचं. "तिथं वारा पण सरकारी आहे," असं ते हसून म्हणत. सार्वजनिक जागेची इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्याही प्राध्यापकाकडून ऐकली नाही.

आता त्याच मोऱ्यावरून आजूबाजूला बघा. एका बाजूला जेएनपीटीच्या क्रेन दिसतात. 1989 साली सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. त्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. ती माणसं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून ठेवली आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. खाडीत भराव पडले, तिवरं गेली, मासळीच्या वाटा बंद झाल्या. कोळी बांधव लढले. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण कोळीवाडा आणि बेलपाडा कोळीवाडा इथल्या 1,630 कुटुंबांना 95 कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. खाडीला किंमत असते, हे त्या आदेशाने कागदावर आणलं. पण त्यासाठी आधी खाडी जावी लागली.

आणि भरपाईत काय मोजतात? बुडालेली मासळी मोजतात. ओसरी मोजत नाहीत. पोरांनी चिखलात पकडलेली चिंबोरी, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी घेतलेला वारा, घरात भांडण झालं की तासभर जाऊन बसण्याची जागा, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

शहराचंही तेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीचं पात्र आवळून, तिच्या काठची तिवरं बुजवून शहराने काय कमावलं होतं, ते त्या रात्री कळलं. तिवरं भरतीचा जोर अडवतात, गाळ धरतात, मासळीला अंडी घालायला आसरा देतात. या कामाचा पगार कोणी देत नाही, म्हणून ते काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. फुकट राबणाऱ्याचं मोल नसणं, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

धंद्याला मात्र निसर्गाचं मोल पक्कं ठाऊक आहे. सिॲटलमध्ये ॲमेझॉन कंपनीने 2018 साली काचेचे मोठे गोल उभारले आणि त्यात सुमारे 40,000 झाडं लावली. कशासाठी? कर्मचाऱ्यांचं डोकं ताजं राहावं, नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून. आपल्याकडचे बिल्डर 'सी व्ह्यू' म्हणून त्याच फ्लॅटचे जास्त पैसे घेतात. म्हणजे निसर्ग नफा देतो, हे भांडवलाने कधीच ओळखलं आहे. आता उरणच्या रस्त्याला लागलेल्या कंटेनर यार्डांकडे या. माझा एक मावसभाऊ अशाच एका यार्डात कंत्राटी सिक्युरिटी गार्ड आहे. बारा तासांची ड्युटी, पत्र्याची केबिन, आवारात एकही झाड नाही. मे महिन्यात तो उभ्या ट्रेलरच्या सावलीत बसतो. ट्रेलर हलला की सावलीही जाते. इंजिनिअरला झाड दिलं तर त्याचं काम सुधारतं, मग गार्डला, ड्रायव्हरला, लोडिंगवाल्याला दिलं तर सुधारणार नाही का? की ताजं डोकं ही गरज वरच्यांची आणि तापलेलं अंग हे नशीब खालच्यांचं? कामाच्या जागीही चातुर्वर्ण्य असं सावलीच्या वाटपातून चालत राहतं.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला. खाडीवरून जाणारा हा पूल जवळपास 22 किलोमीटरचा आहे. पण त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी, आणि मोटारीला टोल. इकडे मोरा बंदरात गाळ साचला की ओहोटीला लाँच अडकते आणि प्रवासी ताटकळतात. समुद्र एकच, पण तो गाडीवाल्याला वीस मिनिटांत मिळतो आणि लाँचवाल्याने भरतीची वाट बघायची.

इथे आपल्यातलेच काही मित्र विचारतील, हे निसर्गाचं कौतुक आपण का करायचं? आपल्या वाट्याला निसर्ग आला तो गावकुसाबाहेर. मेलेली ढोरं ओढायला आला, जंगलातून मोळ्या आणायला आला, आणि आजही गटारात उतरायला येतो. हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यावर कठोर हल्ला केला होता. रम्य खेडं हे ज्यांना तिथे मान होता त्यांचं स्वप्न. आपण शहरात आलो ते माणूस म्हणून जगायला, आणि यायलाच हवं होतं. पण शहराने आपल्याला जातीच्या जाचातून थोडी सुटका दिली आणि त्या बदल्यात नाल्याकाठची, डंपिंगशेजारची, रेल्वेरुळालगतची जागा दिली. गावात पाणी होतं पण शिवायचं नव्हतं. शहरात शिवायला बंदी नाही, पण पाणीच काळं आहे. म्हणून आपल्याला गावाकडे परत जायचं नाही. आपल्याला शहरात जात नसलेला निसर्ग हवा आहे.

दुसरा धोकाही ओळखून ठेवा. पर्यावरणाच्या नावाने अनेकदा पहिला बुलडोझर गरिबाच्या झोपडीवर येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून 1997 च्या न्यायालयीन आदेशानंतर हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. उद्यान वाचायलाच हवं. पण तिथे माणसं का येऊन राहिली, त्यांना कामाच्या जवळ घर कोणी नाकारलं, हे विचारल्याशिवाय जो झाडं वाचवतो तो अर्धाच न्याय करतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये खारफुटीचा नाश हा कलम 21 च्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असा निकाल दिला. हा निकाल आपल्या हातातलं हत्यार आहे. ते भराव टाकणाऱ्या बड्यांवर चालतं की फक्त खाडीकाठच्या झोपडीवर, यावर पहारा आपण ठेवायचा.

पर्यावरणवादी मंडळी नेहमी कलम 48 अ आणि 51 अ सांगतात. ती 1976 च्या दुरुस्तीने आली. मी त्याआधीचं कलम सांगतो: 15(2). सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सर्वसाधारण लोकांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. या ओळींमागे इतिहास आहे. 1923 साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावर खुलं असलेलं पाणी प्यायला 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन चालत जावं लागलं, आणि न्यायालयातला अंतिम निकाल यायला 1937 उजाडलं.

महाड आणि उरण एकाच जिल्ह्यातले, पूर्वीच्या कुलाब्यातले. मी मुद्दाम हे जोडतो आहे. चवदार तळ्याचा लढा फक्त तहानेचा नव्हता. निसर्ग हा कोणाच्या बापाची मिळकत नाही, तो सर्वांचा सामायिक आहे, हे तिथे ठरलं. सम्राट अशोकाने रस्त्याकाठी वड लावले, विहिरी खोदल्या आणि ते माणसांसाठी व जनावरांसाठी असल्याचं शिलालेखात कोरून ठेवलं. ही आपली परंपरा आहे. तथागतांना बोधी मिळाली ती पिंपळाखाली, महालात नव्हे. मोऱ्यासमोरच्या घारापुरीलाही जग शैव लेण्यांसाठी ओळखतं, पण पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

आज बंदी जातीच्या नावाने लागत नाही. ती तिकिटाच्या, टोलच्या, सोसायटीच्या गेटच्या आणि 'खासगी मालमत्ता' अशा पाटीच्या रूपाने लागते. वगळली जाणारी माणसं मात्र बहुतेक तीच राहतात.

म्हणून तरुण मित्रांनो, तीन कामं सांगतो. एक, आपल्या वस्तीतून चालत दहा मिनिटांत मोकळी, सावलीची, बाईमाणसाला निर्धास्त बसता येईल अशी किती जागा आहे, हे मोजा आणि लिहून काढा. दोन, शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की मैदान, बाग, तलाव, खाडीकाठ यांची आरक्षणं तपासा, आणि मुदतीत हरकत नोंदवा. आरक्षण उठतं ते आपण गप्प बसल्यावर. तीन, युनियनच्या मागणीपत्रात पगार, पीएफ यांच्याबरोबर सावली, पिण्याचं पाणी आणि विसाव्याची जागा लिहा. लाजू नका, ती चैन नाही.

आणि जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातले थोडे पैसे बाजूला काढून विहाराच्या आवारात एक पिंपळ, एक कडुनिंब लावा. पण त्याला कुंपण घालताना ते गुरांपुरतंच घाला. त्या झाडाखाली कोणीही येऊन बसावं, आणि बसणाऱ्याला कोणी नाव विचारू नये.

जय भीम!