सारस, मगर आणि माया

गुजरातच्या काही भागांत नव्या जोडप्याला सारसाची जोडी दाखवायला नेण्याची रीत आहे. बडोदेकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. डभोईजवळ सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला वढवाणा तलाव आहे, २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांच्या यादीत गेला. त्या भागातल्या ओल्या शेतांत माणसाएवढे उंच, लाल मानेचे दोन पक्षी चोची आभाळाकडे करून एकदम साद घालू लागले की वाकून काम करणारी माणसंही वर बघतात.

या पक्ष्याच्या संसाराची सगळ्यात जिवंत नोंद केली ती एका बादशहाने. जहांगीरने लैला आणि मजनू नावाची सारसाची जोडी पाळली होती. १६१८ च्या सुमारास, त्याच्या गुजरातच्या मुक्कामात, ती अंड्यावर बसली. रात्रभर मादी अंड्यांवर आणि नर शेजारी पहाऱ्याला. सकाळी नर चोचीने तिची पाठ खाजवी, ती उठे, तो बसे. ती चरून परतली की त्यालाही तसंच उठवी. घरात तान्हं मूल असलेल्या कुणालाही ही पाळी लगेच ओळखू येईल. हे प्रेम नाही म्हणायचं तर मग काय म्हणायचं?

सारस जन्मभर एकाच जोडीदाराला धरून राहतो, ही त्याची ख्याती बरीचशी खरी आहे. पण पक्ष्यावर आपल्या लग्नाचे नियम लादू नयेत. पक्षी-अभ्यासक के. एस. गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारसांचे तिघांचे संसारही नोंदवले आहेत. तिथे साद घालतानाही तिघांचे सूर लागतात.

प्रेमाचा ठावठिकाणा शरीरातही शोधून झाला. अमेरिकेतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडीदाराला चिकटून राहतो, आणि त्याचं श्रेय वर्षानुवर्षं ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला मिळत होतं. मग शास्त्रज्ञांनी ऑक्सिटोसिनचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचं जनुकच निकामी केलेले व्होल तयार केले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: त्यांनीही जोड्या जुळवल्या.

म्हणजे प्रेमाची खूण एका रसायनात सापडत नाही, आपण ती वागण्यावरूनच ठरवतो. सारस नाचतो, गातो, जोडीने राहतो. आपल्यासारखा वाटतो, म्हणून त्याला प्रेम बहाल करताना कुणाचा हात आखडत नाही. मगरीचं तसं नाही.

पावागडावरून येणारी विश्वामित्री बडोद्याच्या ऐन मध्यातून वाहते आणि शहराच्या हद्दीतच तिच्यात मगरी नांदतात. कमाटीबागेजवळच्या पुलावर लोक कठड्याला रेलून त्यांना बघतात. काठावर उघड्या जबड्याने पडलेलं ते धूड बघून कुणाच्या मनात माया हा शब्द येत नाही. पण उन्हाळ्यात हीच मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, वर माती ओढते आणि दोनेक महिने जवळपास राखण करते. पिल्लं अंड्यातूनच ओरडू लागली की ती माती उकरते. एखादं अंडं फुटत नसेल तर ते दातांमध्ये धरून अलगद दाबते, कवच तडकतं, आतलं पिल्लू शाबूत राहतं. मग ज्या जबड्याने ती जनावराचं हाड मोडते त्याच जबड्यात पिल्लांना घेऊन पाण्याशी जाते. मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात तर नर मगरही पिल्लं तोंडातून पाण्यात नेताना दिसले. १९८६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली.

तिला आत काय वाटतं हे आपल्याला तिच्याकडून ऐकायला मिळणार नाही. तसं ते सारसाकडूनही मिळालेलं नाही, तरी त्याच्याबाबत आपण पुराव्यासाठी अडून बसलो नाही. मग मगरीच्या वेळीच इतकी काटेकोर मोजपट्टी का काढायची?

हा प्रश्न नुसता भावनेचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या बडोद्याच्या पुरात मगरी घरांच्या दारांपर्यंत आल्या, आणि त्यानंतर २०२५ मध्ये विश्वामित्रीचं पात्र खोल-रुंद करण्याचं मोठं काम पावसाळ्याआधीच्या महिन्यांत झालं. पूर रोखायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण मगरीचा अंडी घालण्याचा आणि राखणीचा हंगामही तोच, आणि तिला लागते ती काठाची मऊ, उकरता येणारी माती. नदीचा नकाशा काढणाऱ्यांनी तेवढे काठ आधी खुणा करून सोडले पाहिजेत.