टेकडीमागचा समुद्र

पियानो मी बंद करून टाकला. मूकपटाला मागाहून चिकटवलेलं ते टणाटण संगीत मला सोसत नाही. मग १९१२ सालचा 'कस्टर्स लास्ट फाइट' खरोखरच मुका झाला, आणि सातव्या घोडदळाच्या बंदुकांतून धूर निघतो न निघतो तोच आमच्या कुकरची शिट्टी झाली.

निर्माता थॉमस इन्स, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड, म्हणजे जॉन फोर्डचा थोरला भाऊ. सातव्या घोडदळाचा सेनानी कस्टरही तोच झालाय. लढाई २५ जून १८७६ची, मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठची. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाजवळ, दरी जिथं पॅसिफिकला जाऊन भिडते तिथलं. हे कळल्यापासून लढाईत लक्ष लागेना. टेकडीमागं समुद्र आहे, एवढंच डोक्यात. मरणाऱ्या शिपायांच्या ओठांना खारा वारा लागत असेल.

मेल्याचं सोंग घेतलेला माणूस श्वास रोखून धरतो. पाडलेल्या घोड्याला मात्र कान हलवू नकोस म्हणून कोण सांगणार?

खऱ्या लढाईतला एक घोडा नाव कमावून बसला. कोमांची, कॅप्टन कीओचा. दोन दिवसांनी सापडला तेव्हा अंगभर जखमा होत्या. तो बरा झाला आणि पलटणीनं त्याला देवच केलं. १८७८ साली हुकूम निघाला, की यापुढे कुणी त्याच्या पाठीवर बसायचं नाही, त्याला कामाला जुंपायचं नाही. बिअरची चटक लागली होती म्हणे. १८९१त मेला, तरी सुटका नाही. पेंढा भरून १८९३च्या शिकागो प्रदर्शनात मांडला, आणि आजही कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेआड उभा आहे. त्याला 'एकटा वाचलेला' म्हणायची रीत पडली. मला ती खटकते. ही लढाई जिंकलेल्या लकोटा आणि शायेन लोकांनी घोडदळाचे कितीतरी घोडे धरून नेले होते. शिवाय ती माणसं स्वतः जिवंत होतीच की!

पडद्यावरचे इंडियन खरे लकोटा, एका वाइल्ड वेस्ट खेळाच्या ताफ्यातून इन्सनं भाड्यानं आणलेले. जिंकलेली लढाई पुन्हा जिंकायची, रोजंदारीवर. त्यांच्या बोलीत त्या नदीचं नावही वेगळं, तुकतुकीत गवताची नदी.

रेड हॉर्स नावाचा लकोटा त्या दिवशी तिथं लढला होता. १८८१त एका लष्करी डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानं रंगीत पेन्सिलींनी ४२ चित्रं काढली. एका कागदावर नुसते मेलेले घोडे आहेत. खाली टेकडी नाही, वर आभाळ नाही.