मारामुरेशची फाटके

रोमानियाच्या उत्तर टोकास, युक्रेनच्या सीमेलगत, मारामुरेश नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. इझा आणि मारा या नद्यांच्या खोऱ्यांतील जुनी गावे लाकडात घडलेली. घरे लाकडाची, निमुळत्या उंच शिखरांची चर्चे लाकडाची, आणि अंगणापुढील प्रचंड फाटकेही ओकच्या लाकडाची. त्यांवर सूर्य, दोरखंडाचे पीळ आणि जीवनवृक्ष कोरलेले. घर साधे असले तरी फाटक भव्य. येथील आठ चर्चे १९९९पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. प्रवासी बहुधा त्यांच्यासाठीच येतो; परंतु नाताळ खऱ्या अर्थाने घडतो तो फाटकापाशी.

त्यापूर्वी उपवास असतो. ऑर्थोडॉक्स पंथाचे श्रद्धाळू १५ नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत, पूर्ण चाळीस दिवस, मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात. ठरावीक दिवशी मासे तेवढे चालतात. घोटलेला पांढरा घेवडा, आंबवलेल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात व अळंबी, मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, अक्रोड, सफरचंदे असा या दिवसांचा आहार. उपाहारगृहांत आणि दुकानांत अशा पदार्थांना ‘दे पोस्त’ म्हणतात. शाकाहारी प्रवाशाने हे दोन शब्द पाठच करावेत. मात्र कांदा-लसूण आणि मासे यांविषयी निराळे विचारून घ्यावे लागते.

याच संयमाच्या काळात, २० डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी, सणाच्या जेवणासाठी घरोघरी डुकराचा वध होतो. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हा दिवस जड जाईल. ज्या घरात महिनाभर दुधाचा थेंबही वर्ज्य, त्याच अंगणात हे घडावे, ही विसंगती या प्रथेच्या पोटातच आहे आणि ती झाकून या सणाचे वर्णन करणे प्रामाणिक ठरणार नाही.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी प्रथम मुले निघतात, अंधार दाटल्यावर तरुणांचे जथे. ते घरात थेट शिरत नाहीत. ‘कोलिंदा स्वीकारता का?’ असे बाहेरूनच विचारतात. कोलिंदा म्हणजे नाताळचे शुभगीत. यजमानाने होकार दिला की गाणे सुरू होते, आणि ते सर्वांना सारखे नसते. यजमानासाठी वेगळे, लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी वेगळे. बदल्यात वेणीसारखा वळलेला गोल पाव, अक्रोड, सफरचंदे आणि थोडे पैसे मिळतात. पण ही भिक्षा नव्हे. गाणारे घराला शुभेच्छा देतात, घर त्यांचा मान राखते, असा हा चोख व्यवहार आहे. रोमानिया व मोल्दोवा येथील पुरुषांच्या या गायनप्रथेची २०१३ साली युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

साम्यवादी राजवटीने नाताळबाबाचे नाव बदलून ‘मोश जेरिला’, म्हणजे हिमबाबा, केले आणि २५ डिसेंबर हा कामाचा दिवस ठरवला. कोलिंदा मात्र घरांत टिकली. हुकूमशहा चाउशेस्कू यांना १९८९ साली देहदंड दिला गेला, तोही २५ डिसेंबरलाच.

ट्रान्सिल्व्हानियातील एका कोलिंदेची कथा विलक्षण आहे. एका पित्याने नऊ मुलांना शेती-व्यापार न शिकवता केवळ शिकार शिकवली. हरणांच्या मागावर जाता जाता ती मुलेच हरणे झाली. पिता धनुष्य घेऊन शोधत आला, तेव्हा थोरल्याने सांगितले की आता आमची शिंगे घराच्या दारातून आत येणार नाहीत. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी १९३० साली याच कथेवर ‘कांताता प्रोफाना’ ही रचना केली.

आज ही कथा निराळ्या रीतीने टोचते. १९९२च्या जनगणनेत रोमानियाची लोकसंख्या सुमारे २ कोटी २८ लाख होती. २०२१मध्ये ती १ कोटी ९० लाखांवर आली. घटलेल्या जन्मदराइतकेच याचे कारण स्थलांतर. मारामुरेशचे तरुण इटली, स्पेन, फ्रान्समध्ये बांधकामावर आणि घरकामाला आहेत. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून लाकडी घरांच्या जागी सिमेंटची दुमजली घरे उभी राहिली. त्यांतील कित्येक वर्षभर बंद असतात.

नाताळात मात्र त्यांतल्या अनेकांत दिवे लागतात. परगावची पाटी लावलेल्या मोटारी अंगणात उभ्या राहतात आणि इटलीत शाळेत जाणारी नातवंडे आजीकडून कोलिंदेचे शब्द घोकून घेतात. ७ जानेवारीला संत योहानाचा दिवस झाला की हा सणांचा काळ सरतो आणि इटलीच्या बसगाड्या पुन्हा भरू लागतात.