सहाची कूस

पक्षाघातानंतर अम्मी अंथरुणाला खिळली. जखमा होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी तिची कूस बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्री गजर लावून उठायचो. पण आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक, दिवसा काय करणार? कमरेखाली जखम झाली, तेव्हा शुश्रूषा केंद्रं पाहायला निघालो.

पहिल्या ठिकाणी चकचकीत फरशी आणि मोठा टीव्ही दाखवला. रात्री किती माणसं असतात, याचं उत्तर मात्र मिळालं नाही. दुसरं साधंच होतं. तिथं मुद्दाम न कळवता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी गेलो. एक मावशी एका आजींना भरवत होत्या. घास गिळेपर्यंत थांबत होत्या. प्रत्येक खाटेशी कूस बदलल्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. अम्मीला नेलं त्या दिवशी मी किब्ल्याची दिशा विचारात पडून शोधत होतो, तर मावशींनीच विचारलं, "खाट कुणीकडं करू?"

"आईला टाकून आलास!" खालांनी सुनावलं. आईबापांच्या खिदमतीचा हुकूम मलाही ठाऊक आहे. पण खिदमत म्हणजे तिला माझ्या छपराखाली ठेवणं, की तिची जखम भरणं?

शाळा सुटली की रोज जातो. संध्याकाळी सहाची कूस मीच बदलतो.