शाल-श्रीफळ पुरे, बेबी

धुळे

चि. बेबी,


तुझ्या जळगावच्या गटाच्या बैठकीचे फोटो पाहिले आणि रात्रभर डोळा लागला नाही. व्यासपीठ, मागे बॅनर, डॉक्टरांना शाल-श्रीफळ आणि समोर रांगेत गप्प बसलेल्या आयाबाया! वर लिहितेस, "मावशी, कोणी बोलतच नाही, गट बंद करावा म्हणते." अगं, कसं बोलतील? ज्या आईनं मुलाचा स्किझोफ्रेनिया शेजारणीलाही कळू दिला नाही, ती माइकसमोर उभी राहून काय सांगणार?

आपल्या धुळ्याच्या जगन्नाथ वाणींचं तुला किती वेळा सांगितलं. कॅलगरीला प्राध्यापक होते. बायकोच्या आजारपणात जे भोगलं, त्यातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ चा ‘देवराई’ चित्रपटसुद्धा त्यांच्याच धडपडीतून आला. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते गं, घरचं माणूस सांभाळणारे शुभंकर होते. गट घरच्यांचाच असतो, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही. डॉक्टरांना अधूनमधून जरूर बोलाव, पण भाषणाला नको. नाव न घालता चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घे आणि त्यांची उत्तरं देऊ दे त्यांना.

खुर्च्या गोल मांड. आधी चहा दे. सकाळी दहाची वेळ कोणी सुचवली? रात्रीच्या गोळ्यांची गुंगी तेव्हा उतरलेली नसते, आजारी माणसं, आपले शुभार्थी, येणार कसे? एप्रिल-मेमध्ये जळगावची दुपार तर विचारूच नकोस. उन्हं कलल्यावर जमा, पण चोपडा-यावलच्या लोकांना परतीची एसटी मिळाली पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं कमी आली तर मनाला लावून घेऊ नकोस. एक बैठक नुसती अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ठेव. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे, हे कित्येकांना माहीतच नाही. अर्ज भरायला आलेली माणसं हळूहळू बोलायलाही लागतात.

फोटोत दुसऱ्या रांगेत एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली आहे. तिला आजाराचं काही विचारू नकोस. "रात्री झोप झाली का?" एवढंच विचार आणि थांब. मध्ये बोलू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. ती म्हणेल, "मना पोऱ्या रातभर जागस, माले झोप नही." मग शेजारची म्हणेल, माझ्याकडेही तेच. तिथून तुझी बैठक सुरू होईल.

आपल्याकडे आधी भगत, मग "लग्न करा, सुधारेल" आणि शेवटी दवाखाना. त्यात कोवळी वर्षं जातात, आणि सांगून-न सांगून घरात आणलेल्या सुनेचे हाल होतात ते वेगळेच. माझं चाललं असतं तर तालुक्यातालुक्यात असा गट काढला असता. आणि तू आहे तो बंद करायला निघालीस!

तुझा दादा गोळ्या घेतो का? बरं वाटलं की मनानंच बंद करतो, लक्ष ठेव. आणि तुझ्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. फोटोत किती वाळलेली दिसतेस! जेवतेस का वेळेवर? रात्री तूच जागत असशील. दुसऱ्यांच्या झोपेची चौकशी करणारीची चौकशी कोण करतं, सांग.

गट बंद करायचा नाही. पुढच्या बैठकीला मी येते, मागे बसेन, बोलणार नाही. नंतर दादाजवळ आठवडाभर राहीन. तेवढे दिवस तू धुळ्याला जा, घराची किल्ली शेजारी ठेवली आहे.

तुझी,
मावशी